सागवानी डबा, सात वह्या आणि शेवटचा सिगार

लिहून ठेवणार: देवाजी झिंगरू निकुरे, वय चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी तेंदूपत्त्याच्या फडावर मुन्शी, आता काही नाही, राहणार आलापल्ली, तालुका अहेरी, जिल्हा गडचिरोली.

हा कागद मी आज सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. याबाबत माझी बायको सुगंधाबाई हिचं मत वेगळं असल्यामुळे डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी दाब दिलेला नाही की दारू पाजलेली नाही. येत्या सोमवारी नागपूरला माझ्या घशातली गाठ काढणार आहेत, आणि गाठीबरोबर आवाजही जाईल असं तिथले डॉक्टर म्हणतात. नंतर बोलता येणार नाही, म्हणून काय ते आजच लिहितो. गाठ कशाने झाली हे मला कोणी समजावू नये. मला माहीत आहे.

कलम १. आलापल्लीचं राहतं घर, परसातलं फणसाचं झाड आणि विहीर सुगंधाबाईच्या हयातीत तिची. ती असेपर्यंत कोणी घर विकायचं नाव काढू नये आणि तिला "आमच्याकडे चल, तिथे करमेल" असं सांगू नये. तिला कुठे करमतं ते मला पन्नास वर्षांत समजलं नाही, तुम्हाला आठ दिवसांत कसं समजेल? तिच्यानंतर घर मुलगा धनराज आणि मुलगी मयुरी यांना सारखं.

कलम २. सिंदेवाहीजवळची धानाची दीड एकर जमीन दोघांना निम्मी निम्मी. धनराज म्हणेल, "बाबा, मयुरीले तं लग्नात देल्लं ना." होय, दिलं. तुलाही तुझ्या लग्नात मोटारसायकल आली होती, ती मी मोजली नाही. विषय संपला.

कलम ३. माझा पितळी अडकित्ता धनराजला. या अडकित्त्याने मी सिगारचं टोक कापत असे. धनराज चंद्रपुराहून येतो तो दर वेळी मला तंबाखूवर व्याख्यान देतो, आणि व्याख्यान देताना त्याच्या गालात खर्रा, म्हणजे सुपारीत घोटलेला तंबाखू, असतो. एक मुद्दा संपला की अंगणात जाऊन थुंकतो, मग परत येऊन दुसरा मुद्दा. अडकित्ता त्याला या अटीवर देत आहे की त्याने सुपारी फोडू नये. तो ही अट पाळणार नाही हे माहीत असूनही देत आहे, कारण मुलगा एकच आहे.

कलम ४. सागवानी डबा पुतण्या निकेश याला. हा डबा मी सिगार आणि चुट्टे ठेवायला, वनखात्याच्या डेपोच्या लिलावातल्या तुकड्यांतून स्वतः केला. लाकडाची पावती डब्याच्या बुडाला चिकटवलेली आहे. ती कोणी काढू नये, नाहीतर नाकेदार डबा चोरीचा समजून घेऊन जाईल.

डबा निकेशला देण्याचं कारण सांगतो. गावोगावची माणसं उन्हाळ्यात बिडीसाठी तेंदूची पानं तोडतात, सत्तर पानांचा पुडा बांधतात आणि फडावर आणतात. पुडा घ्यायचा की फेकायचा हे मुन्शी ठरवतो. तीस उन्हाळे ते मी ठरवलं. पान बोटांत धरून, नाकाला लावून सांगत असे, कोवळं, जून, किडकं. एकदा ठेकेदाराने फडावर अर्धा ओढून ठेवलेला सिगार मी त्याची गाडी गेल्यावर उचलला आणि ओढला. त्या दिवसापासून पानाबद्दलचे माझे विचार मोठे झाले. पुढे निकेश जहाजावरच्या स्वयंपाकघरात लागला आणि दर वर्षी माझ्यासाठी देशोदेशीचे सिगार आणू लागला. पाहुण्यांनी टाकलेले असतील, मी कधी विचारलं नाही.

कलम ५. माझी मोठी काळी छत्री सिरोंच्याच्या मल्लक्काला पोचती करावी. तिच्यासारखा चुट्टा वळणारी बाई मी पाहिली नाही. चुट्टा म्हणजे नुसत्या तंबाखूच्या पानाची जाड गुंडाळी, आपल्याकडचा सिगारच, फक्त त्याला सोनेरी पट्टी नसते. मी एकदा तिला निकेशचा सर्वांत भारी सिगार दिला होता. तिने चार झुरके घेतले, परत माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "मुन्शीजी, याले जरा उन्हात ठेवा." एवढं खरं मत मला नंतर कोणी दिलं नाही.

कलम ६. सात वह्या मयुरीला. घरात वाचायची सवय तिलाच आहे.

या वह्यांत माझा आणि गुणवंतराव गुरुजींचा चौदा वर्षांचा अभ्यास आहे. गुरुजी इथल्या शाळेतून निवृत्त झाले. रोज चारच्या चहानंतर आमच्या पडवीत आम्ही दोघं बसत असू. एक सिगार, एक चुट्टा. दोन दोन झुरके, मग अदलाबदल, मग दहापैकी गुण. माझा रकाना डावीकडे, गुरुजींचा उजवीकडे. गुरुजींनी जन्मात कोणाला सातच्या वर गुण दिले नाहीत, क्यूबालाही नाही. पहिल्या तीन वह्यांत मी "तिखट", "कोरडा", "घशाला लागतो" असं लिहिलेलं सापडेल. त्यानंतर चार वह्या सगळीकडे "मध, मनुका, जुनं लाकूड" आहे. गुरुजींच्या रकान्यात "कॉफी, चामडं" आहे. निकेशने आणलेल्या एका माहितीपत्रकात हेच दोन शब्द होते, पण तेव्हा मला काही सुचलं नाही.

कलम ७. आता भांडण. ते माझ्या बाजूने सांगणार होतो, पण दाखल्यावर "शुद्धीत" असं लिहिलं आहे, म्हणून घडलं तसं सांगतो.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात गुरुजी म्हणाले, "देवाजीभाऊ, डोळे बांधून सांगता का कोनता विदेशी?" पडवीत सात-आठ जण होते. मी म्हटलं, डोळेच काय, हातपाय बांधा. आत जाऊन सगळ्यांचा चहा सांगून आलो आणि दुपट्टा डोळ्यांवर बांधून घेतला. गुरुजींनी आधी एक ओढायला दिला, मग दुसरा. मी दुसऱ्यावर ठाम होतो. म्हटलं, "हा क्यूबाचा. मध. मनुका. जुनं लाकूड." दुपट्टा सोडला तर हातात मल्लक्काचा चुट्टा.

सगळे हसले. गुरुजी सर्वांत जास्त हसले आणि म्हणाले, "मध कायचा जी! तुमच्या डब्यात मोहफूल हाये, त्याचा वास होय तो." मी म्हटलं, तुम्ही हातचलाखी केली, माझ्या पडवीतून उतरा. ते चपला न घालता उतरले. चपला मी मागून फेकल्या. तेव्हापासून तीन वर्षं आम्ही बोललेलो नाही. त्यांचं घर माझ्या घरापासून सहावं आहे.

कलम ८. हे कलम लिहायला मला तीन वर्षं लागली.

लोक गेल्यावर मी डबा उपसला. बुडाशी, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली मोहफुलांची पुरचुंडी होती, ओलसर. सुगंधाबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अकरा वर्सं झाले. उन्हाळ्यात तुमचे ते सिगार तडकून राह्यले होते. निकेशनं सांगतलं, वलावा पायजे. नुसतं पानी ठेवलं तं बुरशी लागे. मंग मोहफूल भिजवून ठेवत गेली. तुमी तं खुश होते. मी काऊन सांगू?"

म्हणजे क्यूबाचा मध आमच्या परसामागच्या मोहाच्या झाडाचा होता. अकरा वर्षं मी जगभरच्या सिगारांना गुण दिले, ते सगळे एकाच पुरचुंडीला मिळाले. मी पुरचुंडी उकिरड्यावर टाकली आणि पुन्हा ठेवू नको म्हणून बजावलं. ती म्हणाली, "बरं."

गुरुजी खरे होते आणि मी खोटा होतो. हे त्याच दिवशी सहा घरं चालून जाऊन सांगता आलं असतं. का गेलो नाही तेही सांगतो. माझी लाज सिगारपुरती असती तर गेलो असतो. पण हे नाक मोहफुलाला फसलं, तर तीस उन्हाळे याच नाकाने ज्या बायांचे पुडे मी फडावरून फेकून दिले, त्यांचं काय? दिवसभर उन्हात तोडलेली पानं. कोणाच्या चुलीशी त्याचा संबंध होता हे मला तेव्हाही माहीत होतं. सुगंधाबाई आमच्या लग्नाआधी फडावर येत असे. तिचेही दोन पुडे मी फेकले होते. गुरुजींना खरं म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येणार होता, आणि मला तो नको होता.

मयुरीने चार वह्यांत जिथे "मध" लिहिलं आहे तिथे ते तिच्या आईचं काम समजावं.

कलम ९. डब्यात सोनेरी पट्टीचा एकच सिगार उरला आहे. तो गुणवंतराव गुरुजींना. माझ्या तेराव्याला धनराजने, तोंडातला खर्रा थुंकून, त्यांच्या दारात उभं राहून कलम ८ मोठ्याने वाचावं आणि सिगार हातात द्यावा. गुरुजी हसले तर हसू द्यावं. चपला परत द्यायच्या नाहीत, त्या त्यांच्याकडेच आहेत.

कलम १०. शोकसभा घेतल्यास मला निर्व्यसनी म्हणू नये. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत एकाला म्हटलं, तर तिरडी उचलणारेच हसले.

दुरुस्ती, त्याच दिवशी, दुपारी साडेचार.

वरचं सगळं लिहून मी जेवलो आणि पडलो. साक्षीदार म्हणून पानठेल्यावाला बिरजू आणि शेजारचा सोमाजी ठरले होते. मी झोपलो असताना सुगंधाबाईने कागद वाचला. तिचं शिक्षण चौथी. मी उठलो तेव्हा ती दारात उभी होती.

"तेरवीले काऊन सांगता? जीभ हाये तवर सांगा."

मी म्हटलं, ते येणार नाहीत. ती म्हणाली, "बिरजूले धाडलं. साक्षीदार पायजे म्हनून सांगतलं. सोमाजीले मीच नाई म्हटलं."

गुरुजी बिरजूबरोबर आले. पडवीच्या पायरीवर थांबले, वर येईनात. म्हणाले, "सही कुठी करू?" मी कागद पुढे केला. त्यांनी खिशातून लाल पेन काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. कलम ७ पर्यंत चार ठिकाणी लाल खूण केली. कलम ८ ला पेन थांबला. तिथे एकही खूण नाही, कोणीही कागद पाहावा.

मग पायरीवरच बसले आणि म्हणाले, "देवाजीभाऊ, मले बी सांगाचं हाये. मले नाकानं नाई समजलं जी. तुमी चा सांगाले आत गेले, तवा मी डबा उचकून पायला. पुरचुंडी दिसली. मले तं चौदा वर्सात कायचाच वास नाई आला. तुमी मध म्हना, म्हनून मी कॉफी लिवत होतो."

मी म्हटलं, "चामडं?"

"ते निकेशच्या त्या कागदात होतं."

मी हसलो. घसा दुखला तरी हसलो. मग मी सुगंधाबाईकडे पाहिलं आणि जे तीन वर्षं टाळत होतो ते विचारलं. त्या पुड्यांचं काय?

ती म्हणाली, "बाकीच्याईचं मले काय माईत. माझे दोन्ही किडकेच होते. वरतून चांगले पानं लावून आत लपवले होते. तुमी बरोबर पकडले. म्हनून तं राग आला होता."

एवढ्याने तीस उन्हाळ्यांची सुटका होत नाही हे मला समजतं. पण दोन पुड्यांची झाली. मला आज तेवढं पुरे आहे.

त्यानंतर बिरजूने अडचण काढली. त्याने अर्ध्या गावाच्या कागदांवर सह्या केल्या आहेत. तो म्हणाला, "गुरुजी, ज्याले वस्तू भेटते त्याची सही चालत नाई. सिगार पायजे का सही कराची?"

गुरुजी म्हणाले, "दोनी पायजे."

सुगंधाबाईने आतून डबा, अडकित्ता आणि आगपेटी आणून दोघांच्या मधे ठेवली. मला म्हणाली, "दोनच झुरके. मोजून राह्यली मी." मी दोनच घेतले. बाकीचा गुरुजींनी ओढला, अगदी पट्टीपर्यंत. बोलायला सोमवारपर्यंत वेळ आहे, आणि नागपूरच्या गाडीत माझ्या शेजारी आपणच बसणार, धनराजने मागे बसावं, असं गुरुजींनी कळवलं आहे.

सबब कलम ९ रद्द. वस्तू शिल्लक नाही. बाकी मजकूर कायम.

ठिकाण: आलापल्ली. तारीख: १३ फेब्रुवारी २०२५.

देवाजी झिंगरू निकुरे (सही)

आम्ही दोघं एकाच वेळी हजर असताना लिहून ठेवणाऱ्याने आमच्या डोळ्यांदेखत सही केली, म्हणून आम्हीही करतो.

साक्षीदार १: बिरजू, पानठेला, बसस्टँडजवळ (सही). मला यात काही मिळत नाही.

साक्षीदार २: गुणवंतराव, निवृत्त शिक्षक (सही, लाल शाईत). संपूर्ण वाचले. सिगार: दहापैकी चार. कोरडा, घशाला लागतो. डब्यात मोहफूल परत ठेवावे.