बाबा दोनदा विचारायचे

प्रिय छोट्या,

तुझा मेसेज वाचला आणि खरं सांगते, फोन आपटावासा वाटला. बाबा गेले तेव्हा तू आला नाहीस, आणि आता लिहितोस की बाबांनीच तुला कधीचं मोकळं केलं होतं, तू फक्त शब्द पाळलास. शब्दाला जागणारा आलाय मोठा. दोन दिवस मी नुसती धुमसत होते, घरात कुणी माझ्या वाटेला गेलं नाही. मग काल बॅटरीकाका येऊन गेले आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला. का, ते सांगते, पण तुझी ताई पाल्हाळ लावल्याशिवाय मुद्द्यावर येत नाही हे तुला ठाऊक आहेच.

बॅटरीकाका आठवतात ना? फौजेत बाबांच्या पाठीवर वायरलेसचा सेट आणि यांच्या पाठीवर त्याची बॅटरी, मध्ये हातभर वायर. भांडण झालं तरी एकमेकांपासून लांब जायची सोय नव्हती, म्हणून मैत्री टिकली, असं बाबा म्हणायचे. काका आता फार वाकलेत. जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबले, आणि वर आल्यावर कुणाला न विचारता बाबांच्या खुर्चीत बसले. आईला बरंच वाटलं असावं.

मग आठवणींना ऊत आला. लढाईच्या गोष्टी बाबांनी आपल्याला कधी सांगितल्या नाहीत, काकांनीही सांगितल्या नाहीत. ते बोलत होते ते बाबा रजेवरून परतताना तुझा एक लहानसा मोजा खिशात घालून न्यायचे, त्याबद्दल. मी त्यांना माझ्या वेण्यांचं सांगितलं. आईचे गुडघे धरल्यापासून माझ्या वेण्या बाबाच घालायचे, आणि इतक्या करकचून की भुवया दिवसभर वर चढलेल्या राहायच्या, बाईंना वाटायचं मला सगळ्याच धड्यांचं आश्चर्य वाटतंय. आई हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मग तीच सांगू लागली, की फौज सोडल्यावर बाबांनी खाली काढलेल्या दुरुस्तीच्या दुकानातून वर तिच्या पलंगापर्यंत त्यांनी घंटीची तार ओढली होती. एकदा वाजली की पाणी, दोनदा वाजली की या. पुष्कळदा ती काही काम नसताना दोनदा वाजवायची. दुरुस्तीला आलेला पंखा तसाच उघडा टाकून बाबा वर यायचे, पाच मिनिटं बसायचे, काय हवंय ते विचारायचे नाहीत.

आणि अर्थात, ती सवय निघालीच. कुणी काहीही सांगितलं की तेच परत म्हणून दाखवायचं आणि वर 'बरोबर?' विचारायचं. आईने बटाटे आणि साबण सांगितला की बाबा जिन्यातून मोठ्याने बटाटे आणि साबण म्हणत उतरायचे, आपल्या घरात काय संपलंय ते अख्ख्या इमारतीला कळायचं. तू त्यांची नक्कल करायचास आणि ते तुझी नक्कलसुद्धा परत म्हणून दाखवायचे. मी लग्नाचं सांगितलं तेव्हाही त्यांनी विचारलं, म्हणजे तुला हाच मुलगा हवा, बरोबर? मी हो म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. त्यांनी खुंटीवरचा शर्ट चढवला आणि त्याच्या घरच्यांना भेटायला निघाले.

हे ऐकून काका म्हणाले, "वायरलेसवर आलेला साधा निरोप आम्ही एकदा परत म्हणायचो. पण ज्या हुकमानंतर माघार घेता येत नाही, तो तुझा बाप दोनदा म्हणायचा. नीट ऐकू आला असला तरी. समोरच्याला वाटलं तर बदलता यावा म्हणून. त्यामुळे माणसं वाचलीत."

छोट्या, मला तुझा तो फोन आठवला. तू जहाजावरची नोकरी धरलीस, बाबांनी नको म्हटलं. मुलं लहान असताना आपण स्वतः फौजेत, लांब राहिलो, ती वर्षं कुणी परत देत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, पण ते त्यांना गोड शब्दांत सांगता आलं नाही आणि तुला ऐकून घेता आलं नाही. बंदरावरून तू फोन केलास. त्यांचा एक कान गेलेला, म्हणून फोन स्पीकरवर असायचा, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तू म्हणालास, या घरात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. बाबा म्हणाले, "म्हणजे तू या घरात परत येणार नाहीस. बरोबर?" तू बरोबर म्हणालास. त्यांनी पुन्हा विचारलं. तू पुन्हा तेच म्हणालास आणि फोन ठेवलास. तुला वाटलं त्यांनी तुझ्या नावावर काट मारली. आम्हालाही तसंच वाटलं, उगाच कशाला खोटं बोलू? आपण त्यांची पोरं, जन्मभर त्या सवयीवर हसलो, आणि ते तुला माघारीची वाट मोकळी ठेवत होते हे आपल्यापैकी एकालाही कळलं नाही. ते तर काय, उठले आणि आईचे गुडघे शेकायला पाणी तापवायला गेले.

आता जे सांगण्यासाठी लिहायला बसले ते. जाण्याआधी दवाखान्यात बाबांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "छोट्याला सांग, त्याचा तो निरोप मला मिळालाच नाही." मला वाटलं, औषधांची गुंगी आहे. तू तर फोनही उचलत नव्हतास, म्हणून सांगायचं राहिलं. काल काकांना हे सांगितलं तर म्हातारा माणूस माझ्यासमोर ढसाढसा रडला. म्हणाला, इतक्या वर्षांत हा कधी असं बोलला नाही. वायरलेसवर कितीही खरखर असो, यानं एक निरोप कधी चुकवला नाही. आणि त्यांच्यात नियम असा, की जो निरोप मिळालाच नाही, तो कुणाला लागू होत नाही. आयुष्यात एकदाच बाबा खोटं बोलले, छोट्या, आणि ते तुझ्यासाठी. तेव्हा तू कुठलाही शब्द दिलेला नाहीस. घरी ये.

तुझीच,
ताई