परसातला नारळ

प्रिय लीबर्ट,

मेल्या, आज तुझ्यापायी भर कचेरीत माझं हसं झालं.

बाबांच्या जमिनीचं खरेदीखत शोधून जमिनीला वारसांची नावं लावायला गेले होते. तिथल्या कारकून मिस शर्नेटनं जुनी बाडं उपसून ते काढलं, धूळ फुंकली आणि विचारलं, "वारस कोण कोण?"

"मी आणि माझा धाकटा भाऊ."

"त्याची सही?"

ऊस तोडायला फ्लोरिडाला गेला तेव्हापासून खबर नाही, असं मी सांगितलं. ती हळूच म्हणाली, "मावशी, मग वारला असं लिहून द्या. आजच दाखल करते, परत खेटे नकोत." पोरगी वाईट नाही. माझे गुडघे बघून म्हणाली.

मी पेन हातात घेतलंसुद्धा. पण तुझी नाळ पुरायला आईनं खड्डा माझ्याकडूनच खणून घेतला होता रे. त्यावर लावलेला नारळ यंदा इतका लगडलाय की खाली बसायची भीती वाटते.

"जिवंत आहे तो," मी म्हटलं.

"मग निदान पत्ता सांगा. रकाना रिकामा चालत नाही."

"आमच्या परसातला लीबर्टचा नारळ."

रांग खो खो हसली. शर्नेट हसली नाही. इथल्या सगळ्यांसारखी तिचीही नाळ कुठल्यातरी झाडाखाली असणारच. तिनं तसंच लिहून घेतलं.

आता जमैकाच्या सरकारी दप्तरात जमीन दोघांची आहे. पोस्टमन मात्र तो पत्ता मानत नाही, म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहतंय. तू मानत असशील, तर ये.

तुझी थोरली,
आयसिल्डा