अध्यक्षांचं एक मत

सर, विधानसभेची ही टर्म तुम्ही बघायला पाहिजे होती. अध्यक्ष बिनविरोध निवडून आले, आणि विरोधी पक्षनेत्याची खुर्ची अधिवेशनामागून अधिवेशन रिकामी राहिली. मी बारामती एमआयडीसीत नोकरीला आहे. लंच ब्रेकला मोबाईलवर कामकाज लाइव्ह बघते. शेजारची डबा उघडता उघडता विचारते, "यातनं तुला काय मिळतं गं?" मग मी तिला नियम समजावत बसते, अगदी तुमच्यासारखी.

नववीत तुम्ही आपल्या इंदापूरच्या शाळेत अभिरूप विधानसभा भरवली होती. मला मुख्यमंत्री व्हायचं होतं. तुम्ही म्हणालात, "तुला लई बोलायला लागतंय. तू अध्यक्ष हो, आन् जरा गप बसून ऐक." ठराव असा होता की एसटी लेट झाली तर मुलांना गेटवरून परत पाठवायचं नाही. गेटचा नियम प्रिन्सिपल मॅडमचा; ठराव पास झाला तर पाळू, असा त्यांनी शब्द दिलेला. ठराव मांडणारी मुलगी पळसदेव गावची, एसटीनं येणारी, आठवड्यातून दोनदा तरी परत जाणारी. ती उभी राहते आणि म्हणते, "अध्यक्ष महोदय, एसटी काय माझ्या बापाची हाय का?" सगळे हसतात, तुम्हीसुद्धा. मतदान होतं, मतं समान पडतात. आता निर्णय माझ्या एका मतावर. मी "नाही" म्हणते. ती माझ्याकडं न बघता दप्तर आवरायला लागते.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तुम्ही विचारलंत, "असं का गं केलंस?" मी सांगितलं, अध्यक्षानं स्वतःच्या मतानं बदल करायचा नसतो, आहे तेच चालू ठेवायचं, असा जुना संकेत आहे. मग "हे मलाबी ठाव न्हवतं" म्हणत तुमचं राज्यघटनेचं पुस्तक मला देऊन टाकलंत. पुढं प्रत्येक वर्गात माझं उदाहरण द्यायचात. दहावीला ती पळसदेवची मुलगी तिच्या गावातल्या शाळेत गेली. त्याच वर्षी तुम्ही हार्ट अटॅकनं गेलात.

हे कुठं पाठवायचं नाहीये, म्हणूनच लिहिता येतंय. संकेत खरा आहे, सर. पण तो मी त्या संध्याकाळी घरी जाऊन नेटवर शोधला. मत देताना मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मॅडम मागच्या दाराशी उभ्या होत्या, आणि हेड गर्लचं नाव त्या आठवड्यात त्याच ठरवणार होत्या. माझंच झालं.