फिरकीच्या तांब्यातलं पाणी

आई, आज दारात कोण आलं सांगू? कोपऱ्यावरच्या घरातली ती नागपूरची पोटुशी. साडेतीनला येते म्हणाली होती आणि अडीचलाच दारात उभी. मी गाऊनवर, हाताला मेथीची माती. मागून तिचा नवरा, गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत. म्हणतो कसा, "काकू, हिची हॉस्पिटलची बॅग तयार आहे. फक्त तुमच्या विहिरीचं पाणी राहिलंय." तो हसत होता गं, पण मी माती धुवायचं निमित्त करून सिंककडे वळले. का, ते मी तुला कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही.

तुला तो दिवस आठवतो का? थोरल्याला पहिलं बाळ व्हायचं होतं म्हणून मी इकडे परदेशात यायला निघाले होते. तू चुलीपुढे बसलेली, डोळ्याला पदर लावून म्हणालीस धूर झालाय. धूर कुठला, चूल तर विझली होती. मग देवीचा टाक माझ्या ओंजळीत ठेवलास. केवढासा तो चांदीचा पत्रा, झिजून झिजून तिचं नाकसुद्धा दिसत नाही. म्हणालीस, "मला मुलगा नाही, आता ही तुझी." आणि फिरकीचा पितळी तांब्या परसातल्या विहिरीच्या पाण्यानं भरून झाकण स्वतः आवळलंस. "अंघोळीच्या पाण्यात रोज एक थेंब घाल. थेंब पडला की सगळं पाणी आपलंच." मी चेष्टेनं विचारलं, संपलं तर? तू माझ्यावर डोळे वटारलेस. "संपेपर्यंत तू परत येशील."

इथे येऊन बॅग उघडते तर साड्या ओल्याचिंब आणि तांब्यात टिपूस नाही. झाकण सैल झालं होतं. दुसऱ्या दिवशी देवीला नळाच्या पाण्यानं अंघोळ घातली. मुलानं विचारलं, आजीचं पाणी पुरतंय ना? पुरतंय म्हटलं. एकदा म्हटलं ते म्हटलं. सुनेनं मैत्रिणीला सांगितलं, तिनं आणखी कुणाला, आणि आता आमच्या या मॉरिसव्हिल गावभर झालंय की या आजींकडे गावच्या विहिरीचं पाणी आहे. तू गेलीस तेव्हाही मी आले नाही. इथे राहण्याचे कागद अडकले होते.

ज्या बाळासाठी आले ती नात आता कॉलेजात जाते. इतकी गोड पोर, आई, तू बघायला हवी होतीस! शिकते काय, तर जुन्या लोकांचे देव. परवा मी भेंडी चिरतेय आणि ही म्हणते, "आजी, मी दिवसभर आयसिसबरोबर होते." माझ्या हातातली सुरीच पडली. ते नाव मी बातम्यांत ऐकलेलं! म्हटलं, अगं हळू बोल, पोलीस येतील. ती हसून हसून जमिनीवर बसली. ही म्हणे इजिप्तची देवी, मांडीवर बाळ, हातात खुळखुळा. व्यापाऱ्यांनी, खलाशांनी तिला समुद्रापार ग्रीकांकडे नेलं, तिथून रोमला. तिच्याबरोबर तिचे बाकीचे देवही गेले. एक पुजारी असाच आपला देव घेऊन एका बेटावर आला, भाड्याच्या खोलीत त्याची पूजा करायचा, आणि देऊळ बांधलं ते त्याच्या नातवानं. हे ऐकून मी चिरणं सोडून बसलेच. आपली देवी पहिल्या अपार्टमेंटमध्ये दोन वर्षं कोटांच्या कपाटात होती ना! मी विचारलं, मग पाण्याचं काय केलं त्यांनी? ती म्हणाली, "पाणी नाईलचंच पाहिजे असायचं. पण त्या बेटावर एक छोटा झरा होता. लोक म्हणायचे, नाईल समुद्राखालून येते आणि इथे वर निघते." म्हटलं, म्हणजे थाप? "नो, आजी. दे बिलीव्ह्ड इट. थाप कशी?" तेव्हापासून तो झरा डोक्यातून जात नाही.

तर ती पोटुशी सोफ्यावर टेकली आणि रडायलाच लागली. "आईचा व्हिसा रिजेक्ट झाला न काकू. बाळ आडवं आहे. गुरुवारी सिझेरियन." हातात शाम्पूची धुतलेली बाटली. "उशाशी ठेवते. घरचं कोणीतरी जवळ आहे असं वाटेल." गुरुवारी काही कमीजास्त झालं आणि उशाशी माझी थाप असली तर? मी म्हटलं, "अगं, ते पाणी..." तेवढ्यात कोपऱ्यात वाचत बसलेली नात उठली, पँट्रीतून तांब्या घेऊन आली. तिनं फिरकी उघडली. आत कोरडं, तळाला हिरवा डाग. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली. मग आम्हा तिघांदेखत तिनं तांब्या सिंकमध्ये नळाखाली धरला. "ताई, हे आजीच्या आईचं पाणी आहे. ओशनच्या खालून येतं."

पोटुशी डोळे पुसायची थांबली. "नळातून?"

"हो. नळातून."

नवरा म्हणाला, "मग आमच्या नळालाही येत असेल की!"

"नाही," नात म्हणाली, "आमची देवी इथे आहे."

आमची म्हणाली गं! पोटुशी एकदम हसली आणि तिनं बाटली पुढे केली. पण माझं चित्त थाऱ्यावर नाही. आज मंगळवार. गुरुवारपर्यंत फोन वाजला की दचकणार मी.

हा कागद घडी करून टाकाखाली ठेवते, तुला पाठवायचा तरी कुठे. एक मात्र सांगून टाकते. पाणी संपलं हे मी लपवलं, ते तू रागावशील म्हणून नाही. संपलं म्हटलं असतं तर परत यावं लागलं असतं, आणि मला यायचं नव्हतं. मांडीवर बाळ होतं.

बाराव्या दिवशी बाळाला देवीपुढे घालायला येतो म्हणालेत दोघं. गुरुवारपासून बोटांवर मोजलं, सोमवार येतोय.