मशीनला पाट

आप्पा, परवा पन्हाळ्याच्या बाजूला एका उतारावर तुमच्यामुळे तुमचाच धाकटा लेक मरता मरता राहिला. मरता मरता म्हणणं कदाचित जास्त होईल. पोकलेन ज्या दोन लोखंडी चेनींवर चालतं त्यातली वरच्या अंगाची चेन जमिनीवरून वीतभर उचलली गेली आणि परत टेकली, इतकंच झालं. पण मी खाली उभी होते आणि चेनीखालून मला पलीकडचं गवत दिसलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुमचा तोरा अजून रोज कामावर हजर असतो. ते तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं म्हणून लिहितेय.

गडमुडशिंगीत अजून तुमचं नाव निघालं की माणसं हात जोडतात. 'काय हात होता त्या माणसाचा,' म्हणतात. मला तो हात चांगला ठाऊक आहे. खंडेनवमीला मशीनला हार घालून झाला की तुम्ही ते उभ्या उताराच्या तोंडावर न्यायचात, बूमचा लांब हात पुढे टाकून बकेट जमिनीत दाबायचात आणि मशीनची मागची बाजू हवेत उचलायचात. मशीन नमस्कार करतंय म्हणून पोरं शिट्ट्या मारायची. आई दारातच थांबायची, डोळे जमिनीकडे लावून. आणि केबिनमधला तो पट्टा आठवतो का? बसल्यावर कमरेला लावायचा पट्टा तुम्ही विळ्यानं कापून घरी आणलात आणि आईला दिलात, रेडकाला दावं म्हणून. 'चांगला चिवट हाय, तुटायचा न्हाय,' म्हणालात. आमच्या घरात रेडकाला पट्टा होता, तुम्हाला नव्हता. आयुष्यात तुम्ही घरी आणलेली सुरक्षिततेची एकच वस्तू, आणि तीही गोठ्यात गेली.

मला मशीन तुम्हीच शिकवलंत, हे मी नाकारत नाही. मांडीवर बसवून, माझा हात तुमच्या हाताखाली धरून. बकेट कशी भरायची, मुरूम कसा सोलायचा, खडक लागला तर आवाजावरून कसं ओळखायचं, हे सगळं घरातच शिकले. कागलच्या अलीकडे एका माळावर काम होतं. मशीन उताराला आडवं उभं होतं आणि तुम्ही भरलेली बकेट खालच्या अंगाला फिरवत होता. मी बारा-तेरा वर्षांची असेन. सीटच्या मागे उभी आहे, बूम खाली वळतो तशी माझ्या पायाखालची केबिन तिरकी होते. मी म्हणते, 'आप्पा, मशीन कलतंय.' तुम्ही मागे न बघता म्हणता, 'उतर खाली. सपाटीवर बाईमाणूसबी चालवतंय. उतारावर छाती लागती.' मी उतरले. दिवसभर आंब्याखाली बसून तुमचं मशीन कलताना बघत राहिले आणि प्रत्येक वळणाला जीव मुठीत धरला. संध्याकाळी घरी आलात आणि आईला हसत सांगितलंत, 'लेक भित्री निघाली.'

भित्रीच आहे मी. निघायच्या आधी तीनदा उतरून चेन बघते, ओली माती दिसली की काठी खुपसून बघते. धाकटा म्हणतो, आक्का मशीन चालवत नाही, मशीनची सोयरीक बघते. पण नंतर मी मशीनचा कोर्स शिकायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात कळलं की त्या माळावर मला जे वाटलं होतं ते बरोबर होतं. उतारावर मशीन सरळ चढवायचं किंवा सरळ उतरवायचं, आडवं न्यायचं नाही, उतारावर वळवायचंही नाही. बकेट जमिनीलगत ठेवायची, सरकलं तर लगेच रोवता येते. भरलेली बकेट खालच्या अंगाला फिरवली की सगळं वजन तिकडेच ओढतं. आणि काम करायचं तर आधी सपाट जागा कोरून घ्यायची, ती कापलेल्या घट्ट जमिनीवर, टाकलेल्या भरावावर नाही. यात छातीचा कुठे संबंध येतो? तुम्ही ज्याला छाती म्हणत होता ते माळावरचं कोरडं, कडक रान होतं. रानानं तुम्हाला सांभाळलं आणि शाबासकी तुम्ही घेतलीत.

तुमचं मशीन कधी उलटलं नाही, हाच तुमचा सगळ्यात मोठा अपराध आहे, आप्पा. एकदा तरी उलटायला हवं होतं, रिकाम्या रानात, तुम्हाला खरचटण्यापुरतं. म्हणजे लोकांनी तुमचं ऐकणं सोडलं असतं. पण तुम्ही ताप अंगावर काढलात, डॉक्टरला उतारासारखंच हसलात आणि दवाखान्यातल्या सपाट खाटेवर गेलात. त्यामुळे तुम्ही बरोबर ठरलात.

परवाचं सांगते. टेकडीच्या कुशीत घरासाठी जागा करायची होती. मी म्हटलं, रस्त्याच्या सपाटीवरून आत कोरत जाऊ, अर्धा दिवस जाईल. जागेचा मालक धाकट्याला म्हणाला, 'पावणं, तुमच्या वडलांनी माझ्या सासुरवाडीचा डोंगुर दोन दिसांत उतरवलता. तुमी बहिणीला इचारून मशीन हलवताय व्हय?' झालं. मी डिझेलचा कॅन ठेवून वळेपर्यंत धाकटा मशीन उतारावर आडवं घेऊन गेला होता आणि पहिली बकेट खाली फिरवत होता. तेव्हा ती चेन उचलली गेली. मी ओरडले. त्यानं बकेट टेकवली, मशीन बसलं. केबिनमधून डोकं काढून तो म्हणतो, 'काय झालं गं? आप्पा असंच करत हुते की.' चेहरा पांढरा पडलेला, पण बोलणं तुमचं.

मी त्याला कारणं सांगितली. वजन सांगितलं, माती सांगितली. तो ऐकत होता, पण हात लिव्हरवरून काढत नव्हता. मालक हसत होता. मग मी जे बोलले ते माझं मलाच नवीन होतं. म्हटलं, 'आप्पाच म्हणायचे. तू लहान हुतास. पावण्याला जेवायला बसवताना आधी पाट देतो न्हवं, तसा मशीनला आधी सपाट जागेचा पाट द्यायचा. पाटाबिगर पावणा बसवायचा न्हाय.'

धाकट्यानं लिव्हरवरचे हात काढले. मग म्हणाला, 'खरंच असं म्हणायचे?'

मी म्हटलं, 'व्हय.'

त्यानं बकेट जमिनीलगत ठेवून मशीन आलं त्याच वाटेनं हळूहळू मागे रस्त्यावर आणलं आणि आत कोरायला घेतलं. मालक काहीतरी पुटपुटला तर धाकट्यानंच त्याला सुनावलं, 'दमा जरा. आधी पाट. आमच्या आप्पांची पद्धत हाय.'

मी साधी भाजी तोलून घेतानाही खोटं बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे. आणि इथे एका दमात तुम्हाला शहाणं करून टाकलं. काल धाकटा फोनवर दुसऱ्या ऑपरेटरला तेच सांगत होता, तुमच्या आवाजात, तुमच्यासारखा 'न्हवं' ओढत. उद्या कागलपर्यंत पोचेल. तुम्ही आयुष्यभर जे हसण्यावारी नेलंत ते आता तुमच्याच नावावर चालणार, आणि लोक पुन्हा हात जोडतील.

हे पत्र धाकट्याच्या हाती लागलं तर तो पुन्हा उतारावर आडवा जाईल. म्हणून आज चुलीत घालते. एवढंच कबूल करते की काल त्याच्या तोंडून ते वाक्य ऐकलं, तेव्हा क्षणभर मलाही वाटलं, हे मी तुमच्याकडूनच ऐकलंय.