मावशीचा फोटो

मावशी, तुझा फोटो शोधायला मी निघाले होते, त्याची ही हकीकत. तुला जाऊन तीसेक वर्षं झाली. माझी सगळी नोकरी टपाल खात्यात झाली, त्यामुळे पत्ता नसलेल्या पाकिटाचं पुढे काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून हे पाकिटात घालायच्या भानगडीतच पडत नाही. लिहून होईल तेवढं लिहिते.

लेकीनं अमरावतीत नवं घर घेतलं. हॉलच्या एका भिंतीवर तिला घरातल्या सगळ्या गेलेल्या माणसांचे फोटो लावायचे होते. रेल्वेच्या कोटातले बाबा मिळाले, आजोबा मिळाले, आई तर होतीच. मग तिनं विचारलं, "आणि आजी?" तिच्यासाठी आजी म्हणजे तू. तिला तुझी मांडी आठवते, हाताला येणारा लसणाचा वास आठवतो, चेहरा आठवत नाही. मी सांगायला बसले. सावळी, उंच, सरळ नाकाची, हसताना तोंडावर पदर धरणारी. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं, अशा बाया मूर्तिजापूरच्या बाजारात पाहिजे तेवढ्या सापडतील. मला फार वाईट वाटलं. जिनं मला वाढवलं, तिचा एक चेहरा मला माझ्या लेकीला दाखवता येऊ नये.

पण यात तुझाच हात होता की नाही, सांग. फोटोवाला दारात आला की तुझी भाजी करपायला लागायची. बाबा म्हणायचे, "ये ना वो, एक तं काढू दे," आणि तू चुलीपुढूनच उत्तर द्यायचीस, "माहा फोटो कायले पायजे? मी काय मेली?" माझ्या लग्नातही तू मांडवात कमी आणि आचाऱ्याच्या डोक्यावर जास्त होतीस. आम्ही सगळे तो तुझा स्वभाव समजून हसत होतो. मतदानाच्या कार्डावर फोटो येण्याआधीच तू गेलीस, त्यामुळे सरकारलाही तू सापडली नाहीस.

आधी मी माझ्या लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडे गेले. अमरावतीतच असतात ते, थकलेत, दुकान मुलगा बघतो. निगेटिव्हच्या पेट्यांना वाळवी लागली म्हणून कधीच फेकल्या, म्हणाले. अल्बम आम्ही दोघांनी मिळून चाळला. एका फोटोत जेवणाच्या पंगतीच्या टोकाला तुझं कोपर आणि हिरव्या पदराचा काठ सापडला. त्यांनी भिंग आणून तो काठ बराच वेळ बघितला, जणू बघता बघता तू पुढे सरकशील. मग तेच म्हणाले, "त्याच्या आधीचा एखांदा फोटो असन ना घरी? मागं शिक्का पाहा. त्या काळी बहिणी-बहिणी संगच जाय स्टुडिओत."

आधीचा म्हणजे एकच, आईचा. आपल्या रेल्वे क्वार्टरमध्ये बुद्धमूर्तीच्या शेजारी लावलेला. मला पाय फुटायच्या आत आई गेली, पुढे बाबांशी तुझं लग्न झालं, आणि मी तुला मावशीच म्हणत राहिले. कोणी दुसरं शिकवलं नाही, तूही मागितलं नाहीस. तो फोटो माझी कचेरी होती. तू रागावलीस की मी तिथे जाऊन उभी राहायची. एकदा गणिताच्या पेपराला बुट्टी मारून शकुंतला गाडी बघायला रुळावर गेले होते, तेव्हा तू पाठीत धपाटा घातलास. मी रडत रडत फोटोपुढे तुझ्याविरुद्ध सगळं सांगते आहे आणि तू भाकरी थापता थापता म्हणते आहेस, "सांग, सांग तिले. ऐकून राहिली थे." आईच्या स्मृतिदिनी मात्र फोटोला कोणाला हात लावू द्यायची नाहीस. स्वतः काच पुसायचीस, मेणबत्ती लावायचीस. तुम्ही दोघी एकाच साच्यातल्या, असं लोक म्हणायचे, आणि तू म्हणायचीस, "थे माह्याहून देखनी होती."

तर मी तो फोटो फ्रेममधून काढला. मागे अकोल्याच्या एका स्टुडिओचा पुसट शिक्का निघाला. पातळात गुंडाळून फोटो पिशवीत घातला आणि गाडीत बसले. वाटेत मूर्तिजापूर लागलं. उतरले नाही. आपलं क्वार्टर केव्हाच पाडलंय. अकोल्यात स्टुडिओच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात, पण दुकानदार भला निघाला. फोटोग्राफर वारले, त्यांची बायको जुन्या शहरात राहते, रंग भरायचं काम तीच करायची, एवढं त्यानं सांगितलं आणि ऑटोवाल्याला पत्ताही समजावून दिला.

म्हातारी ऐंशीच्या घरातली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. फोटो खिडकीपाशी नेऊन तिनं तिरपा धरला आणि म्हणाली, "हा माह्या हातचा हाये."

मला इतका आनंद झाला की मी घाईघाईनं विचारलं, "ही माझी आई. हिच्यासोबत हिची बहीण आली होती का? तिचा वेगळा फोटो काढला होता का तुम्ही?"

तिनं फोटोवर बोट टेकवलं. "सोबत कोन येईन, बाई? हे बहीनच तं हाये."

मग तिनं मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. ज्यांचा फोटोच नसायचा अशी माणसं मेली की लोक या नवरा-बायकोकडे यायचे. घरातलं कोणी सारखं दिसणारं बसवून नवरा फोटो काढायचा, आणि उरलेला फरक ही रंगानं भरून काढायची. "पन बसाले कोनी राजी नसे," ती म्हणाली. "जित्या मानसाचं तोंड मेलेल्याच्या नावानं भिताडावर टांगाचं, कोनाले पटन? हे पोरगी सोताहून आली. लगन बी नोयतं झालं तिचं. बहिनीचं लुगडं नेसून आली. तुह्या बापाले इचारलं, बाई कशी होती, तं थो बाहीर जाऊन उभा राह्यला. सारं तिनंच सांगतलं, माह्याजवळ बसून. गाल भरा, भिवया दाट करा. हनुवटीवरचा तीळ तं दोन-तीन डाव पुसाले लावला, जागा चुकली म्हने. कावून एवढं करतं म्हटलं, तं म्हने, पोरगी लहान हाये, तिले तिची माय ठाऊक पायजे."

मावशी, आधी मला रागच आला. आईचा म्हणून जन्मभर जपलेला चेहरा आईचा नव्हताच. तिचा खरा चेहरा आता कुठूनही मिळणार नाही. म्हातारीच्या घरात, परक्या खाटेवर बसून मी लहान पोरीसारखी रडले. मग एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. तुझा दुसरा एखादा फोटो शेजारी आला असता, तर मी कधीतरी ओळखलंच असतं. म्हणून तू कॅमेऱ्यापुढे कधी आली नाहीस. वर्षानुवर्षं तू आपल्याच चेहऱ्यापुढे मेणबत्ती लावलीस. मी तुझ्या तक्रारी तुलाच सांगत होते, आणि तू भाकरी थापत होतीस. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत तुझा फोटो शोधत आले, तेही पिशवीत तुझाच फोटो घेऊन.

म्हातारीला माझी कीव आली असावी. तिनं कपाटातून कापूस काढला. "रडू नोको. निगेटिव्हले हात नोयता लावला, सारं काम वरतूनच हाये. वल्या कापसानं गाल, भिवया, तीळ, सारं निंगते. खाली तुही मावशी जशीच्या तशी बसेल हाये. पुसून देऊ?"

जे शोधायला आले होते, ते तिच्या बोटाखाली होतं. तुझा बाविशीतला चेहरा, कोणाचीही भर नसलेला. लेक वाट बघत होती. कापूस ओला झालेला होता. मी म्हटलं, "राहू द्या."

"कावून?"

"आईची तेवढीच खूण आहे," मी म्हटलं. तिला ते पटलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि फोटो पुन्हा पातळात गुंडाळून दिला. घरी येऊन लेकीलाही मी हेच कारण सांगितलं, आणि तिनं तो एकच फोटो दोघींच्या नावानं लावला. पण तुला खोटं सांगत नाही, मावशी. राहू द्या म्हणाले तेव्हा आई माझ्या मनात नव्हतीच. म्हातारीजवळ बसून, जागा चुकली म्हणून पुन्हा पुन्हा पुसायला लावून, तू माझ्यासाठी तो तीळ रंगवून घेतला होतास. तो पुसू देणं मला जमलं नाही.