तुझ्या भावोजींच्या पोटाचा फोटो

लालबाग,
कोजागिरीचा दुसरा दिवस

चिरंजीव लवूस कौसल्याताईचा पोटभर आशीर्वाद. आईचा गुडघा कसा आहे? तुझा खोकला गेला असेल. नसेल तर विडी सोड. यंदा भाऊबीजेला रिकाम्या हातानं ये. बहिणीला भाऊ दिसला की पुरे.

पत्रास कारण तुझ्या भावोजींचं पोट. (बाहेरून ते अख्ख्या लालबागला दिसतं, डॉक्टरांना आतून बघायचं होतं.) उजव्या कुशीत अशी कळ यायची की हे शिवाजी पार्कची सभा अर्ध्यावर सोडून घरी आले, यावरून काय ते समज. परळच्या इस्पितळात एक्स-रे काढला, तर प्लेटवर नुसतं ताक. चरबीत किरण फाकतात म्हणे. मुतखडा आहे की आणखी काही, ते दिसेना. आणि दिसलं नाही तर पोट उघडूनच बघावं लागेल, हे ऐकल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरेना.

दुसऱ्या खेपेला फोटो काढणारे जगदीशराव फार सोशिक भेटले. श्वास सोडून गप्प पडायचं, पोट हललं की चित्र पुसट, असं त्यांनी बजावलं. सगळं जुळवून ते आपले सहज म्हणाले, "आता फोटो साफ आला पाहिजे." झालं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांत घसा बसवून घेतलेला माणूस तो. "आलाच पाहिजे!" हे गरजले (मूठ वर करून), आणि बटण नेमकं तेव्हाच दाबलेलं. पुन्हा ताक.

जगदीशराव हसले नाहीत, म्हणून मी त्यांना देवमाणूस म्हणते. पोट पट्ट्यानं आवळून चपटं केलं तर चित्र उठेल, म्हणाले; पण इस्पितळाचा पट्टा ह्यांना पुरेना. माझ्या पिशवीत तू गेल्या भाऊबीजेला दिलेलं लुगडं होतं (राहायची वेळ आली तर असावं म्हणून). त्यानं आम्ही दोघांनी ह्यांना असं आवळलं की घोषणा सोडाच, हूं म्हणायची सोय उरली नाही. या खेपेला मलासुद्धा खडा दिसला, तुरीच्या डाळीएवढा. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या, पडून जाईल, कापायला नको. मी तिथंच बाकावर बसून रडले रे.

तुझी
कौसल्याताई

ता. क. लुगडं परत आणलं नाही. बाकावर गंगुबाई म्हणून एक बाई होती, अंगानं ह्यांच्याच तोडीची. तिचाही फोटो पुसट आलेला, आणि ती पदराचं टोक चावत बसली होती. तिच्यासाठी ठेवून आले.

आणखी एक. रिकाम्या हातानं ये, हे आईला वाचून दाखवण्यापुरतं. सुती नऊवारी लुगडं आण, जाडसर. खरं तर दोन आण, एक जगदीशरावांना हवंय, पट्टा न पुरणाऱ्यांसाठी. हे वाचून दाखवलं तर हे आतून ओरडले, "आणलीच पाहिजेत!" आणि लवू, ओरडून झाल्यावर ह्यांचा हात कुशीकडे गेला नाही.